तेलकट शब्दाची गोष्ट

दिवाळी अंकात वाचकांना काहीतरी गोडधोड वाढावे, असा संकेत आहे. मी मात्र यंदा एक तेलकट पदार्थ घेऊन आलो आहे. शब्द आहे ‘अंक्चुअसली’. इंग्रज लोकही तो रोज वापरीत नाहीत. मी आयुष्यात एकदाच वापरला, आणि तो चांगलाच अंगलट आला.

जुन्या मॅट्रिकच्या वर्गात असताना आमचे इंग्रजीचे मास्तर निवृत्त झाले. मानपत्र इंग्रजीत लिहायचे काम माझ्याकडे आले. मास्तर आमच्याशी किती स्निग्धपणे बोलत, हे मला सांगायचे होते. ‘स्निग्ध’ला प्रतिशब्द शोधीत मी या कोशातून त्या कोशात गेलो. स्निग्ध म्हणजे तेलकट, तेलकट म्हणजे अंक्चुअस. त्याला शेवटी ‘ली’ जोडले, झाले काम! भर सभेत ते वाक्य मी ठसक्यात वाचले. मास्तरांचा चेहरा उतरला, हेडमास्तर खाली पाहू लागले. मला वाटले, दोघांनाही गहिवरून आले!

खरा अर्थ कळला तो कॉलेजात. तोंडावर लाघव आणि पोटात भलतेच, अशा बुळबुळीत बोलण्याचालण्याला तो शब्द लावतात. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला युरिया हीप आठवा. सदा आपल्या नम्रतेचा जप करणारा, आणि आतून मालकाचेच घर पोखरणारा. माझ्या मास्तरांना मी त्याच्या पंगतीला बसवले होते.

वास्तविक या शब्दाचे कुळ मोठे पवित्र. लॅटिन ‘उंग्वेरे’ म्हणजे तेल माखणे. औषधी ‘ऑइंटमेंट’ त्याच घरातले. ख्रिस्ती लोकांत मरणोन्मुख माणसाला तेल लावतात, तसे राजालाही. ६ मे २०२३ रोजी चार्ल्स राजाला राज्याभिषेकात पडद्याआड तेल लावले, तेही जेरुसलेमच्या ऑलिव्हांचे. पुढे प्रवचनातल्या भक्तिभावालाही ‘अंक्शन’ म्हणू लागले. पण व्यासपीठावरचा गहिवर पुष्कळदा उसना असतो, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले, आणि चांगला शब्द खवट झाला.

आपल्याकडे तेलाचे नशीब निराळे. वैद्यांचा ‘स्नेह’ म्हणजे तेल, तूप, वसा, मज्जा. मित्रांचा ‘स्नेह’ म्हणजे माया. दोन्ही ‘स्निह्’ धातूचेच. आणि खरी मौज पुढेच आहे. लॅटिन ‘उंग्वेरे’ आणि संस्कृत ‘अञ्ज्’ ही एकाच मुळाची भावंडे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ‘अञ्ज्’वरून अंजन, त्याला ‘अभि’ लागला की अभ्यंग. म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पाठीला तेल चोळी ते अभ्यंग, आणि माझे ते ‘अंक्चुअसली’, दोन्ही एकाच घाण्यातली!

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भीतभीतच मास्तरांकडे गेलो आणि पाया पडून चूक कबूल केली.

“अरे, पहिल्या रात्री झोप लागली नाही,” मास्तर म्हणाले, “मुलांना आपण असे वाटलो की काय! पहाटे उठून कोश काढला, तेव्हा तू कोणत्या वाटेने गेलास ते कळले.”

त्यांनी भिंतीकडे बोट दाखविले. मानपत्र काचेत लावले होते. त्या एका शब्दाखाली तांबड्या शाईची रेघ होती, आणि शेजारी बारीक अक्षरात मराठीत लिहिले होते, ‘स्नेहाने’.