एका ट्रान्सफरची गोष्ट

आम्हां सरकारी शाळांतील माणसांच्या कानी ‘ट्रान्सफर’ हा शब्द पडला की छातीत धस्स होते. म्हणून गेल्या श्रावणात भाचीने फोनवर, “मामा, गुरुवारी माझं ट्रान्सफर आहे. हे दौऱ्यावर आहेत. तुम्ही याल का बरोबर?” असे विचारले, तेव्हा मी भाबडेपणाने “कुठल्या गावी?” असे विचारून बसलो. ती हसली. त्या दिवसांत ती क्वचितच हसत असे.

तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून या विषयावर दार लोटून घेऊन बोलतात, आणि त्यामुळे ज्यांना माहिती हवी त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

वृत्तपत्रे या क्रियेस ‘भ्रूण प्रत्यारोपण’ म्हणतात. भाषेच्या अध्यापकाला हा शब्द खटकतो. प्रयोगशाळेत तीन किंवा पाच दिवस वाढविलेला भ्रूण डॉक्टर गर्भाशयात नेऊन ठेवतात, एवढेच त्यांचे काम. रुजणे पुढच्या काही दिवसांत भ्रूण आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्यात ठरते. वाचकांना हा शब्दाचा कीस वाटेल. पण पुढे जे घडले त्याचे मूळ या भेदातच आहे.

प्रत्यक्ष क्रिया दहा-पंधरा मिनिटांची. अस्तर तयार व्हावे म्हणून औषधे आधीपासून चालू असतात. त्या दिवशी पाणी पिऊन मूत्राशय भरलेले ठेवावयास सांगतात. त्यामुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसते. बाईला हेच सर्वांत अवघड गेले! बहुधा भूल देत नाहीत. आत नेण्यापूर्वी नाव पुन्हा पुन्हा विचारतात, त्याचा राग मानू नये; ती दक्षता आहे. मग एक मऊ, बारीक नळी गर्भाशयमुखातून आत जाते. क्वचित पाळीसारखी कळ येते. पडद्यावर एक चमकता ठिपका दिसतो. भाचीने त्याला मनोमन नमस्कार केला होता. तो भ्रूण नसतो. त्याच्यासोबत गेलेला हवेचा बुडबुडा असतो. भ्रूण स्वतः मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश, तो तिथे दिसत नाही. अखेरीस नळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून भ्रूण आतच राहिल्याची खात्री करून घेतात.

खरी कसोटी घरी आल्यावर. रक्ताची तपासणी साधारण नऊ ते चौदा दिवसांनी होते. अधीर होऊन घरच्या घरी पट्टीवर तपासू नये. उपचारात एचसीजीचे इंजेक्शन दिलेले असल्यास त्याच्या अंशामुळे खोटे ‘होय’ येऊ शकते, आणि फार लवकर तपासल्यास खोटे ‘नाही’. थोडा रक्ताचा डाग दिसला म्हणजे सारे संपले असेही नव्हे. प्रोजेस्टेरॉनची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. मात्र पोटात तीव्र वेदना, फार रक्तस्राव, पोट फुगणे किंवा धाप लागणे असे काही झाले तर रात्र असली तरी कळवावे.

भाचीच्या घरी पहिल्या दिवसापासून “पाय खाली टाकू नकोस” सुरू झाले. उशा रचल्या गेल्या. चौथ्या दिवशी ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणावयास जिना चढली. तेराव्या दिवशी तपासणीत ‘नाही’ आले. कुणी उघड बोलले नाही, पण त्या जिन्याचा उल्लेख जेवताना, फोनवर, शेजारणीपाशी होत राहिला. आठवड्याने ती माझ्याकडे आली आणि खाली मान घालून म्हणाली, “मामा, मी चढले म्हणूनच का हो?”

मी तिला घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. गर्भाशयाच्या भिंती जोडलेल्या तळव्यांसारख्या एकमेकींना टेकलेल्या असतात; भ्रूण चालण्याने, शिंकण्याने वा लघवीने गळून पडत नाही. नुसते पडून राहिल्याने यश वाढते असे अभ्यासांत आढळलेले नाही. न रुजण्याचे कारण पुष्कळदा भ्रूणाच्या गुणसूत्रांतच असते, आणि स्त्रीचे वय वाढते तसा हा दोष अधिक आढळतो. चांगले चाललेले चक्रही असे रिकामे जाते.

हेच मी विहीणबाईंना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. मनात थोडा राग होता, हे कबूल करतो. त्या बराच वेळ पदराचे टोक चाळवीत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, आम्हांला हे सांगायचं तरी कुणी?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांनी १९८६ साली कन्या जन्मली, तेव्हापासून ही विद्या आपल्या इतक्या जवळ आहे. आणि मी स्वतः ती पन्नाशी उलटल्यावर शिकलो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी असावी लागते. ते प्रमाणपत्र पाहून घ्यावे. किती भ्रूण ठेवणार हेही विचारावे. दोन-तीन ठेवले तर जुळ्या-तिळ्यांचा, आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो.

भाचीचा एक भ्रूण गोठवून ठेवलेला आहे. त्याचे ट्रान्सफर पुढच्या महिन्यात. तिने शाळेतून अर्ध्याच दिवसाची रजा मागितली आहे. या खेपेस विहीणबाई बरोबर जाणार आहेत. मला पाण्याची बाटली भरून आणावयास सांगितले आहे.