तावून सुलाखून

'तावून सुलाखून निघणे' हा वाक्प्रचार आपण इतका सहज वापरतो की त्यात मुळात सोनं-नाणं आहे हे लक्षातच राहत नाही. तावणं म्हणजे तापवणं, आणि सुलाखणं म्हणजे भोक पाडून आत खोट आहे का ते बघणं. कस, कसोटी, हिणकस, बावनकशी, मुशीतून निघालेला... सगळे शब्द सोनाराच्या दुकानातले. माणसाची पारख करायची म्हटलं की आपल्याला सोनारच आठवतो.

ख्रिस्ती धर्मग्रंथातही हाच सोनार आहे. बायबलमध्ये नीतिसूत्रांपासून अगदी शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत भट्टी, मूस, चांदी आणि अग्नीतून काढलेलं सोनं पुन्हा पुन्हा येतं. त्याचा प्रचलित अर्थ असा, की दुःख ही भट्टी, देव हा सोनार आणि माणूस (किंवा त्याची श्रद्धा) हे सोनं. मळ जळतो, सोनं उरतं. ऐकायला छान वाटतं.

अडचण कुठे होते सांगतो. माझा एक मित्र वसईचा, कॅथलिक. त्याची आई कॅन्सरने आजारी होती तेव्हा भेटायला येणारे लोक त्याला हेच सांगायचे की देव तुला सोन्यासारखं शुद्ध करतोय. एकदा चहा पिताना तो वैतागून म्हणाला, "कॅन्सर आईला आणि शुद्ध मी होणार? हा कुठला हिशेब?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ख्रिस्ती नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग शनिवार-रविवार मराठी बायबल उघडून बसलो, आणि सोबत धातुशास्त्रही थोडंफार वाचलं (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!).

माझं मत आधीच सांगून टाकतो. रूपक उत्तम आहे. आपण ते चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी ऐकवतो. आणि याचं एक कारण म्हणजे सोनं प्रत्यक्षात शुद्ध कसं होतं हे आपल्याला माहीत नसतं.

आजच्या तुर्कस्तानात सार्दीस नावाचं प्राचीन शहर होतं, लिडियाच्या क्रोइसस राजाची राजधानी. प्रकटीकरणात ज्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत, त्यातली एक इथलीच. १९६८ मध्ये तिथल्या उत्खननात इ.स.पू. सहाव्या शतकातला सोनं शुद्ध करण्याचा कारखाना सापडला. पॅक्टोलस नदीच्या वाळूतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असायची. आता गंमत बघा. असं सोनं नुसतं कितीही तापवलं तरी चांदी काही वेगळी होत नाही. १०६४ अंशांच्या आसपास सगळं मिळून वितळतं आणि गार झालं की जसं होतं तसंच परत. म्हणून हे कारागीर त्याचे पातळ पत्रे आणि मिठासारखे क्षार मातीच्या भांड्यात थरांनी भरायचे आणि मंद भट्टीत कित्येक तास ठेवायचे. मिठामुळे चांदीचं क्लोराइड होऊन बाहेर पडायचं, सोनं मागे राहायचं. आणि यातली अट अशी, की आच सोन्याच्या वितळणबिंदूच्या खालीच ठेवायची. सोनं वितळलं की काम बिघडलं.

तांबं, लोखंड यांसारखे हिणकस धातू काढायचे असतील तर पद्धत वेगळी. त्यात शिसं घालून तापवायचं. शिशाची राख होताना ती बाकीच्या धातूंना सोबत घेऊन जाते.

म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, आग एकटी काहीच शुद्ध करत नाही. दोन, जास्त आग म्हणजे जास्त शुद्धी असं अजिबात नाही. 'जितकं दुःख मोठं तितका माणूस मोठा' हे आपलं लाडकं गणित भट्टीतच नापास होतं.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगतोय असं समजू नका. बायबललाही ते ठाऊक आहे. यिर्मयाच्या सहाव्या अध्यायात एक फसलेली भट्टी आहे. भाता जोरात चालू आहे, शिसं जळून संपलंय, तरी हीण काही सुटत नाही, आणि शेवटी ती चांदी टाकाऊ ठरते. मला हा उतारा फार प्रामाणिक वाटला. कारण आपण सगळ्यांनीच अशी माणसं पाहिलेली असतात, जी दुःखातून आणखी कडवट, आणखी संशयी होऊन बाहेर पडली. त्यात त्यांचा दोष असतोच असं नाही. 'भट्टीतून जो जातो तो सोनंच होतो' असं ग्रंथ म्हणत नाही. ते आपण म्हणतो, कारण त्यामुळे आपल्याला बरं वाटतं.

आता प्रकटीकरणातला तो प्रसिद्ध संदर्भ (३:१८). अग्नीने शुद्ध केलेलं सोनं माझ्याकडून विकत घे, असा सल्ला तिथे दिलाय. पण कोणाला? लावदिकीयाच्या मंडळीला. हे शहर सावकारी आणि काळ्या लोकरीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होतं. इ.स. ६० मध्ये भूकंपात ते पडलं तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशांवर पुन्हा उभं राहिलं, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केलीय. म्हणजे हा सल्ला आहे 'माझ्याकडे सगळं आहे, मला कशाची गरज नाही' असं म्हणणाऱ्या सुखवस्तू लोकांना. आजच्या हिशेबात हॉस्पिटलच्या खाटेवरच्या बाईला नव्हे, तर एसी ऑफिसात बसून फ्लॅटचे हप्ते मोजणाऱ्या तुम्हा-आम्हाला!

दुःखात असलेल्यांना उद्देशून हे रूपक येतं ते पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:६-७). तिथेही सूर बघा कसा आहे. थोडा काळ, आणि तेही गरज पडली तर, असं म्हणून तो दुःखाची गोष्ट काढतो. मग म्हणतो की श्रद्धेचं मोल सोन्याहून जास्त, कारण सोनं अग्नीत टिकलं तरी शेवटी नाशवंतच. शिवाय परंपरा असं सांगते की पेत्र स्वतः रोममध्ये मारला गेला. भट्टीतला माणूस शेजारच्या भट्टीतल्या माणसाला काही सांगतो, त्याला वजन असतं. बाहेर उभं राहून तेच सांगितलं की तो नुसता उपदेश होतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ईयोब. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं गेलेला हा माणूस तेविसाव्या अध्यायात म्हणतो की माझी पारख झाली की मी सोन्यासारखा निघेन. हे तो स्वतःबद्दल, स्वतः बोलतो. त्याचे मित्र मात्र तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याला अध्यायच्या अध्याय समजावत बसतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो.

माझ्या मते नियम इथेच आहे आणि तो व्याकरणाचा आहे. 'मी तावून सुलाखून निघालो' हे म्हणायचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि कोणी म्हटलं तर मान खाली घालून ऐकावं. 'तू तावून निघतोयस' असं म्हणायचा हक्क कोणालाच नाही. प्रथमपुरुषात जी श्रद्धा असते, ती द्वितीयपुरुषात क्रूरपणा होऊ शकते. आपल्या क्षेत्रातही हे चालतंच की. सलग तीन वीकेंड राबवून घ्यायचं आणि वर म्हणायचं, "प्रेशरमधूनच माणूस घडतो." सांगणारा त्या वेळी घरी जेवत असतो.

मग भट्टीबाहेरच्या माणसाने करायचं काय? मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात सोनार 'बसलेला' आहे. भट्टी पेटवून तो निघून जात नाही. हे समजायला आपल्याकडचे गलाईवाले आठवा. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली ही मराठी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत. सोन्यात आधी मुद्दाम जास्तीची चांदी मिसळायची आणि मग तेजाबात ती विरघळवायची, ही यातली एक पद्धत. त्यातून निघणारा तांबूस धूर छातीला घातक असतो. म्हणजे गाळणाऱ्यालाही झळ लागते. मूस तापते आणि सोनार सुखात, असं चित्र खरं नाही. ख्रिस्ती श्रद्धेतला क्रूसावर गेलेला देव मला याच ठिकाणी थोडाफार समजतो. त्यांचा सोनार स्वतः आगीत उतरलेला आहे.

आणि ईयोबाचे मित्र? बोलायला लागण्याआधी त्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे हे त्यांना दिसत होतं.

तेवढं आपल्याला जमेल. पुढच्या वेळी कोणाला भेटायला जाल तेव्हा डबा घेऊन जा, औषधांच्या रांगेत उभे राहा, रात्री थांबणाऱ्याला चार तास झोपू द्या. सोन्याचं काय ते तो नंतर सांगेल, सांगायचं असेल तर.