खांदा तोच राहणार, दस्ता बदला

'अ‍ॅडजस्ट' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला खरा, पण आपल्याकडे येताना तो उलटा झाला. वस्तू माणसाला जुळवून घेण्यासाठीचा शब्द आपण माणसालाच लावतो. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा येतो आणि म्हणतो, "भाऊ, जरा अ‍ॅडजस्ट करा." स्वयंपाकाचा ओटा उंच पडतो म्हणणाऱ्या सुनेला पायाखाली घ्यायला पाट मिळतो, ओटा तसाच राहतो. ऑफिसात खुर्चीनं पाठ दुखते म्हटलं की योगासनांची लिंक येते. या सवयीचा हिशेब बहुतेक ठिकाणी उशिरा लागतो. एक वस्तू मात्र तो ताबडतोब, जागच्या जागी चुकता करते. ती म्हणजे बंदुकीचा दस्ता.

शिकारीचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची हौशी शिकारही संपली, आणि ते योग्यच झालं. पण शिकार संपली म्हणून बंदूक संपली असं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ आजही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या छऱ्याच्या बंदुकीचा परवाना मागायची सोय देतं. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन चौकीदार उभा असतो. एनसीसीची पोरं पॉइंट टू टू रायफल चालवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यात मका आणि केळी राखणाऱ्यांपैकी काहींच्या घरी आजोबांच्या परवान्याची बंदूक वारसानं आलेली असते. या सगळ्यांच्या हातात कुणा दुसऱ्याच्याच मापाचं लाकूड आहे, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. माझं भांडण या 'काही न वाटण्याशी' आहे.

दस्ता म्हणजे बंदूक धरायची मूठ, एवढीच बहुतेकांची समजूत असते. निदान छऱ्याच्या बंदुकीत तरी ती साफ चुकीची आहे. या बंदुकीला सहसा मागची साइट नसते. पुढे नळीच्या टोकावर एक बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. मागची साइट म्हणजे खुद्द नेमबाजाचा डोळा. हा डोळा कुठे येणार ते गाल ठरवतो, आणि गाल कुठे टेकणार ते दस्त्याची वरची कड ठरवते. म्हणजे दस्ता हाच नेमाचा अर्धा भाग झाला. आता साधं त्रैराशिक मांडा. डोळ्यापासून माशीपर्यंत अंदाजे एक मीटर अंतर धरा. दस्ता जुळत नाही म्हणून गाल उचलला आणि डोळा एक सेंटिमीटर वर गेला, तर तीस मीटरवर मार साधारण तीस सेंटिमीटर वर जातो. म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं. नजर चोख, हात स्थिर, तरी नेम चुकला. चूक लाकडाची, आणि बोल माणसाला.

रायफलला मागची साइट असते, त्यामुळे तिथे फसवणूक वेगळी असते. डोळा साइटच्या रेषेत आणावाच लागतो, मग मान वाकडी होते, गाल दर गोळीला वेगळ्या जागी टेकतो, आणि पाच गोळ्यांचा पुंजका पसरतो. दस्ता लांब असेल तर मागचं टोक खांद्याच्या खळगीत बसत नाही, दंडावर सरकतं. बोटाचं फक्त टोक चापापर्यंत पोचतं, आणि चाप दाबण्याऐवजी अख्खा पंजा ओढला जातो. आखूड असेल तर धक्क्यासरशी अंगठा नाकावर येतो. दस्त्याच्या मागच्या तोंडाचा तिरकसपणा चुकला तर पूर्ण तोंड न टेकता फक्त खालचं टोक रुततं. धक्का तेवढाच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. हे शाळेच्या विज्ञानातलं आहे. बारा बोअर चालवून खांदा काळानिळा झालेल्या माणसाला मात्र आपण "मर्दासारखी धर" असं सांगतो.

ही अक्कल नवीही नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनचे बंदूकवाले गिऱ्हाइकाचं माप घेत. त्यासाठी सगळीकडून हलवता येणारा दस्ता असलेली एक चाचणीची बंदूक असे. तीवर माप ठरलं की त्याबरहुकूम लाकूड कोरलं जाई. तुम्ही म्हणाल, हे साहेबांचे चोचले. मग शिपायाचं उदाहरण घ्या. ब्रिटिश आणि हिंदी फौजेनं दोन्ही महायुद्धांत वापरलेल्या ली-एनफिल्ड रायफलचा मागचा दस्ता वेगळा तुकडा असतो, आतून एका लांब बोल्टनं आवळलेला. तो तीन मापांत मिळायचा: नेहमीचा, त्याहून अर्धा इंच आखूड आणि त्याहून अर्धा इंच लांब. पुढे एक इंच आखूड 'बॅन्टम'ही आला. लाकडावर एस, एल, बी अशी अक्षरं ठोकलेली असत. ज्या साम्राज्यानं आपल्या माणसांना माणूस मानायला खळखळ केली, त्याच्या कोठारातसुद्धा शिपायाचा हात लहान-मोठा असू शकतो एवढी नोंद होती.

आता आजच्या गोष्टीकडे या. एनसीसीत वर्षानुवर्षं शिकवली गेलेली पॉइंट टू टू रायफल, नंबर टू मार्क फोर, ही मुळात ली-एनफिल्डचंच रूप. म्हणजे दस्ता बदलायची सोय तिच्या अंगातच आहे. लांब पेचकस आणि दहा मिनिटं, एवढंच काम. मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत एनसीसीत होतो. आमच्या फायरिंगला आठवी-नववीच्या मुली पालथ्या झोपून मोठ्या माणसाच्या मापाची रायफल खांद्याला लावायच्या. दस्ता लांब, त्यामुळे डोकं मागे, त्यामुळे साइट धूसर. मागून एकच आज्ञा यायची, "बट कंधे में दबाओ!" दाबून दस्ता आखूड होत नाही. पुंजका पसरला की कागदावर शेरा, 'फायरिंग कमजोर'. आणि फायरिंगच्या गुणांवर पुढच्या शिबिराची निवड. त्या मुलींपैकी कितीजणींची नजर खरोखर कमजोर होती आणि कितीजणींचे हात फक्त आखूड होते, हे त्या शेऱ्यावरून कधीच कळणार नाही. मोजमापातली खोट माणसाच्या नावावर लिहून टाकण्याचा हा प्रकार आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही रोज चालतो. तिथे त्याला 'युजर एरर' म्हणतात आणि तिकीट बंद करतात.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला: "सैन्यात सगळे एकाच रायफलवर शिकतात." सैन्य त्यापुढे गेलं आहे. २०१९ मध्ये भारतीय लष्करानं ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. तिचा दस्ता खटक्यावर मागे-पुढे सरकतो. जाड जॅकेट घातलेल्या आणि न घातलेल्या जवानाला एकच लांबी चालत नाही, हे त्यामागचं साधं कारण. शिस्तीचं उदाहरण म्हणून तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवता, त्यानं स्वतः माप बदलायची सोय विकत घेतली आहे.

दुसरा आक्षेप: "खरा नेमबाज कशानंही मारतो." १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा मुलगा नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा असतो. शरीराचा आकार तिन्ही वेळा बदलतो, म्हणून खेळाडू गालाची पट्टी आणि मागची पाटी दर पवित्र्याला नव्यानं लावतात. जगातले सगळ्यांत चांगले नेमबाज मिलिमीटरसाठी स्क्रू फिरवत बसतात, आणि पहिल्यांदा रायफल हातात घेणाऱ्या पोरीला आपण सांगतो की हुशारी असेल तर काहीही चालेल! गरज नेमकी उलट आहे. कसलेला माणूस वाईट दस्ता निभावून नेतो. नवख्याला तो निभत नाही.

तिसरा: "मग सरासरी माप काढून एक चांगला दस्ता बनवा." हे अमेरिकी हवाई दलानं करून पाहिलं आहे. १९५० च्या सुमारास त्यांनी ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण लेफ्टनंटनं दहा मापं निवडून विचारलं, की दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असलेले किती? उत्तर आलं, शून्य. त्यानंतर विमानांत पुढे-मागे होणाऱ्या सीट आल्या. सरासरीसाठी बनवलेली वस्तू कुणालाच बसत नाही.

चौथा आक्षेप मला जवळचा वाटतो: "आजोबांच्या बंदुकीला करवत लावायची?" लाकडाबद्दलची ही माया खोटी नाही. पण आपल्याच घरातली बाकीची हत्यारं बघा. कुऱ्हाडीचा दांडा, विळ्याची मूठ, वखराचं रुमणं, यांतलं कुठलं लाकूड आजोबांनी पवित्र मानलं होतं? दांडा हाताला बसला नाही की सुताराकडे जायचं, तासून घ्यायचा. सातपुड्यातला भिल्ल आपल्या लहान पोराच्या हाती लहानच तीरकमठा देतो. हे शहाणपण इथल्या मातीतलं आहे. फक्त बंदूक सरकारी कागदासोबत घरात आली आणि आपण तिला हत्यार न मानता देव्हाऱ्यातली मूर्ती मानायला लागलो. आणि बहुतेक वेळा करवत लागतही नाही. गाल उंच हवा असेल तर चामड्याची बांधायची पट्टी असते, लांबी वाढवायला मागून रबराची गादी आणि पातळ चकत्या असतात. काढल्या की आजोबांची बंदूक जशीच्या तशी. दस्ता कापूनच आखूड करायचा असेल, तर गादीची जाडी आणि मागच्या तोंडाचा कोन धरून, परवानाधारक कारागिराकडूनच. शस्त्राच्या दुरुस्तीलाही कायद्यानं परवाना लागतो, आणि विनापरवाना नळी आखूड करणं हा तर वेगळा गुन्हा आहे. नळीला हात लावायचा नाही. बोलणं चाललं आहे ते लाकडाचं.

शेवटचा आक्षेप खांदे उडवून येतो: "एवढं काय त्यात?" रानडुकरांनी मक्याचं शेत एका रात्रीत आडवं केलेलं ज्यानं पाहिलं आहे, त्यानं याचं उत्तर द्यावं. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी असेल तरच अशा जनावरावर गोळी चालवता येते, एरवी तो गुन्हाच. पण परवानगी कागदावर मिळते आणि नेम दस्त्यावर ठरतो. वर केलेला हिशेब आठवा: एक वीत, चार बोटं. गोळी मर्मावर न लागता पोटात किंवा पायात लागली, तर ते जनावर रात्रभर तडफडत मक्यात बसून राहतं. सकाळी त्याच मक्यात बाया निंदणीला शिरतात. जखमी डुकराच्या सुळ्यांपुढे 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणता येत नाही.

भुसावळजवळच्या वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे रायफलींची काडतुसं बनतात. काडतूस किंचित जाड झालं तर चेंबरमध्ये अडकतं, म्हणून तिथे सगळं गेज लावून तपासलं जातं. म्हणजे रायफलच्या एका टोकाला काय जाणार याची आपल्या जिल्ह्यात इतकी कसून मोजणी होते. दुसऱ्या टोकाला जो खांदा लागणार, तो मोजायला शिंप्याची टेपसुद्धा कुणी काढत नाही. तंत्र नाही, पैसा नाही, या सबबी इथे चालणार नाहीत.

म्हणून मागण्या सरळ आहेत. एनसीसीच्या प्रत्येक युनिटनं फायरिंगआधी पोरांचं माप घ्यावं आणि आखूड दस्त्याच्या निदान दोन रायफली ठेवाव्यात. जिथे त्या नाहीत, तिथल्या गुणांवर कुणाची निवड अडवू नये. जळगाव-धुळ्यातल्या रायफल क्लबांनी नव्या पोराला पहिल्या दिवशी गोळ्या देण्याआधी दस्ता जुळवून द्यावा. परवान्याची बंदूक वारसाच्या नावावर होते तेव्हा कागदाबरोबर मापाचीही तपासणी व्हावी. माप बघायला यंत्र लागत नाही. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि डोळे उघडा. माशी न शोधता समोर दिसली, आणि नाक व अंगठ्यामध्ये दोन बोटं मावली, तर दस्ता तुमचा आहे. नसेल, तर दुकानदाराला, उस्तादाला, काकांना स्पष्ट सांगा की हे लाकूड मला बसत नाही. "होईल सवय" असं उत्तर आलं, तर कुणाला आणि कशाची, ते विचारा.