घर कोठे घ्यावे, हा खासगी प्रश्न नव्हे

बदलीचा हुकूम किंवा पहिल्या नोकरीचे पत्र हाती पडले, की सोलापूर-लातूरकडच्या घरात दोन-चार दिवस एकच चर्चा चालते : मुंबईत राहायचे कोठे? मुंबईत आयुष्य काढलेले मामा सांगतात, की शहरातील खुराड्यात पैसे घालण्यापेक्षा बदलापूर-टिटवाळ्याकडे दोन खोल्या बघ, मोकळी हवा मिळेल आणि चार पैसे मागे पडतील. आत्याचे मत नेमके उलट. खोली कोंदट असली तरी चालेल, पण कचेरीच्या जवळ राहा; लोकल माणसाला पिळून काढते. दोघांच्या बोलण्यात माया असते आणि दोघांचा अनुभवही खरा असतो. परंतु दोघेही एक गोष्ट गृहीत धरून बोलतात. ती ही, की शहर की उपनगर हा आवडीनिवडीचा आणि हिशेबी शहाणपणाचा मामला आहे. ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे निवड करावी. रविवारच्या पुरवण्यांतील घरबांधणीच्या जाहिराती हेच गृहीत रंगीत चित्रांसह पक्के करतात.

पंचवीस-तीस हजारांवर नोकरी धरणाऱ्या तरुणापुढे मात्र निवड नसतेच. मुंबईतील जमिनीच्या किमतीने, त्या किमती फुगू देणाऱ्या राज्यकर्त्यांनी आणि घराची जबाबदारी झटकून टाकलेल्या मालकवर्गाने ती त्याच्या जन्माआधीच करून ठेवलेली असते. तो फक्त तिच्यावर सही करतो, आणि पुढे तीस वर्षे तिची किंमत आपल्या वेळेने फेडतो.

या किमतीचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. बदलापुरात राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाला घरापासून स्थानकापर्यंतची शेअर रिक्षा, गाडीची वाट पाहणे, सुमारे 68 किलोमीटरचा लोकलप्रवास आणि उतरल्यावरची पायपीट धरून जाऊन-येऊन साडेतीन तास सहज लागतात. वर्षाचे कामाचे दिवस 280 धरले, तर हे 980 तास झाले. आठ तासांचा एक दिवस या मापाने ते 122 दिवस भरतात. याचा अर्थ असा, की हा माणूस दरसाल जवळजवळ पाच महिन्यांची हजेरी फलाटावर आणि डब्याच्या दारात भरतो, आणि त्या हजेरीचा त्याला छदामही मिळत नाही. हा वेळ तो स्वतःसाठी वापरत नाही, कुटुंबासाठीही नाही. तो खर्च होतो तो मालकाच्या दारात दहाच्या ठोक्याला उभे राहण्यासाठी. मग तो कामाचा वेळ का मानला जाऊ नये?

प्रश्न वेडगळ वाटेल त्यांनी कायदा उघडून पाहावा. कर्मचारी राज्य विमा कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली आणि घरातून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, नोकरीशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीतीलच अपघात मानण्याचे तत्त्व आले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व आहे. कामगार रुळावर पडून मेला तर तो कामावर होता. जिवंत पोहोचला तर मात्र तो आपल्या खासगी वेळेत प्रवास करत होता! या विसंगतीचा जाब मालकांना कोणी विचारलेला नाही.

आणि पडून मरणे ही येथे अलंकारिक भाषा नव्हे. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत. रूळ ओलांडताना मरणारे त्यांत सर्वाधिक. त्यांच्या पाठोपाठ गाडीतून पडणारे. 9 जून 2025 रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली कोसळले व त्यांतील काहींचे प्राण गेले. लगेच स्वयंचलित दारांची चर्चा सुरू झाली. दारे लावावीत, त्याला कोणाचा विरोध असणार? पण एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी राहतात, हे ज्या व्यवस्थेत अभियंत्यांच्या परिभाषेचा भाग होऊन बसले आहे, तिथे दार बंद करून माणसे आत मावत नाहीत. ती दारात असतात याचे कारण दार उघडे असणे हे नाही. त्यांची घरे 60-70 किलोमीटरवर ढकलली गेली, हे कारण आहे.

ढकलली गेली, हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. ‘उपनगर’ ही मुंबईत कधीच स्थिर जागा नव्हती. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली तेव्हा उपनगर म्हणजे दादर-माटुंगा. पुढे ते अंधेरी-मुलुंड झाले, मग डोंबिवली-विरार, आणि आता वांगणी-कसारा. प्रत्येक पिढीतील कष्टकऱ्याने एक उपनगर राहण्याजोगे केले आणि पुढच्या पिढीला ते परवडेनासे झाले. मोकळ्या हवेचे आमिष दाखवणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे, की पहाटे सहाला घर सोडून रात्री नऊला परतणारा माणूस ती हवा नेमकी केव्हा खातो?

गिरणगावाचे कौतुक करताना भाबडेपणा नको. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली 160 चौरस फुटांची होती, आणि तीत एकेका कुटुंबाबरोबर गावाकडचे चार-सहा भाऊबंद पथारी पसरत. घाण होती, क्षय होता. परंतु भोंगा झाल्यावर कामगार पायी घरी जाई. त्या वाचलेल्या वेळातून भजनी मंडळे, व्यायामशाळा, वाचनालये, कामगार रंगभूमी आणि युनियनच्या कोपरासभा उभ्या राहिल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला मिळालेले मनुष्यबळ या चालत घरी जाणाऱ्या माणसांचे होते. 8.52 ची फास्ट पकडणाऱ्याला सभेला थांबता येत नाही. कामगार चळवळ क्षीण का झाली याची कारणमीमांसा करणाऱ्या विद्वानांनी लोकलच्या वेळापत्रकाकडेही एकदा पाहायला हवे.

त्या गिरणगावाचे पुढे काय झाले? 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बसल्या, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे 600 एकर जमीन मोकळी होण्याच्या मार्गाला लागली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे स्थूलमानाने तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाला. मुंबईत नव्याने येणाऱ्या श्रमिकाला कामाच्या जवळ घर मिळण्याची ही या शहराच्या इतिहासातील सर्वांत मोठी संधी होती. 2001 साली राज्य सरकारने नियमात बदल करून ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती ठेवली. बहुतेक जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या, तेव्हा सार्वजनिक वाटा आक्रसून गेला. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिलासा दिला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. लोअर परळला आज जे मनोरे दिसतात त्यांत काम करायला पहाटेच्या गाडीने येणारा सुरक्षारक्षक ज्या जमिनीवर पहारा देतो, तेथे त्याचे घर असू शकले असते.

नव्या मुंबईची कथाही याच वळणाची आहे. 1965 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहर वसवण्याची कल्पना मांडली तेव्हा तिचा गाभा हा होता, की केवळ माणसे नव्हेत, कामेही पलीकडे गेली पाहिजेत. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यासाठी लढणाऱ्यांवर जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या. एवढे मोल देऊन उभ्या राहिलेल्या शहराकडे मंत्रालय मात्र सरकलेच नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटवर समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मजले चढत होते. मंत्री आणि सचिव यांना घर कामाच्या जवळच हवे असते, आणि त्यांना ते सरकारी खर्चाने मिळतेही. सामान्य नोकरदाराने तीच इच्छा केली, तर त्याला ऐपत ओळखून राहण्याचा उपदेश केला जातो.

यात डाव्या व समाजवादी चळवळींचाही दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1940 च्या पातळीवर भाडी गोठवली. युद्धोत्तर टंचाईत ते न्याय्यच होते. पण सरकारने भाड्याची सार्वजनिक घरे पुरेशी बांधली नाहीत, खासगी मालकाने भाड्यासाठी बांधणे सोडले, आणि कायदा आत असलेल्यांची ढाल व बाहेरून येणाऱ्यांसाठी बंद दार होऊन बसला. त्या दारावर पागडी मागितली जाऊ लागली. चळवळींनी आतल्या भाडेकरूचे रक्षण केले; नव्याने येणाऱ्याचा विचार त्या मानाने फार थोडा केला. आज तो अकरा महिन्यांच्या करारावर, भरमसाट अनामत देऊन राहतो; आणि तेही त्याचे आडनाव, धर्म व ताटातील पदार्थ घरमालकाला मान्य असतील तर. दलित, मुसलमान किंवा एकटी राहणारी स्त्री यांना शहर की उपनगर हा प्रश्न विचारण्याची वेळ फार पुढे येते. आधी ‘नाही’ ऐकण्याच्या पाच-सात फेऱ्या होतात.

स्त्रियांचा हिशेब तर वेगळाच मांडावा लागतो. संध्याकाळच्या महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने छापली जातात. त्यात कौतुक कसले? घरी पोहोचताच चूल पेटवावी लागणार, म्हणून प्रवासातच दुसरी पाळी सुरू झालेली असते. मूल आजारी पडले तर दोन तासांच्या अंतरावरील आई काय करणार? बढतीबरोबर उशिरापर्यंत थांबावे लागणार असेल, तर बढती सोडली जाते. मग तीच स्त्री महत्त्वाकांक्षी नाही, असा शेरा तिच्या अहवालात पडतो.

अशा परिस्थितीत सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील 9 वरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, असे त्यावर सांगितले जाते. बारा तासांत साडेतीन तासांचा प्रवास मिळवा. उरलेल्या साडेआठ तासांत झोप, जेवण, मुले आणि नागरिकत्व बसवून दाखवण्याचे काम मंत्रिमंडळाने कोणावर सोपवले आहे?

गरिबाला आपला निर्णय कळत नाही, असेही कोणी मानू नये. जुलै 1981 मध्ये पदपथावरील रहिवाशांना हुसकावण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याच्या 1985 मधील निकालात न्यायालयाने मान्य केले, की ही माणसे पदपथावर राहतात कारण काम जवळ आहे. जागा गेली की उपजीविका जाते, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. हे तत्त्व सांगून न्यायालयाने योग्य नोटिशीनंतरच्या हकालपट्टीला मात्र मोकळीक ठेवली. छप्पर की काम, असा पेच पडला तेव्हा त्या माणसांनी छप्पर सोडून काम धरले होते. नियोजनकारांच्या अनेक आराखड्यांपेक्षा तो निर्णय वास्तवाला धरून होता.

उपाय अज्ञात नाहीत. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावला दिंडोशीत सहा हजारांच्या आसपास घरे उभी केली, तीही मुंबईच्या हद्दीत. तो 1976 चा कायदा महाराष्ट्राने 2007 मध्ये रद्द केला. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना म्हाडाच्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जागच्या जागी घर देणे अशक्य नाही, हे त्याने दाखवले. जे जुन्या रहिवाशाला मिळाले तेच, भाड्याच्या रूपाने, उद्या येणाऱ्याला का मिळू नये? शहरात उरलेल्या सार्वजनिक जमिनीवर भाड्याची घरे बांधावीत. ज्या आस्थापनेला नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाचा पत्ता मिरवायचा आहे, तिने त्या पत्त्यापासून तासाभरात पोहोचता येईल असे घर कामगाराला परवडण्याइतका पगार द्यावा, किंवा वरचा प्रवास कामाच्या तासांत धरावा.

सरकारची दिशा कोणती, हे गिरणी कामगारांना कळून चुकले आहे. ज्यांच्या घामावर परळ-लालबाग उभे राहिले, त्यांना घरे देऊ केली गेली ती बोरीबंदरापासून सुमारे 80 किलोमीटरवर, शेलू आणि वांगणीला. जुलै 2025 मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस भर पावसाळ्यात आझाद मैदानात जमले. घर मुंबईतच हवे, एवढेच त्यांचे मागणे होते.