अंतिम अकरा आणि अनुत्तरित प्रश्न

नागपूर - रणजी करंडकावर तीनदा नाव कोरणाऱ्या विदर्भाच्या क्रिकेट संघाविषयी एक गोष्ट आता निश्चितपणे म्हणता येते. हा संघ जिंकल्याचे नागपूरकरांना आश्चर्य वाटत नाही. संघात कोण खेळला आणि कोण बाहेर बसला, यावर मात्र ते तावातावाने बोलतात. सदर परिसरातील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर 1987च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅटट्रिक आणि सुनील गावसकरांचे एकमेव एकदिवसीय शतक पाहिलेली पिढी अजून क्रिकेट पाहते आहे. 2008 पासून आंतरराष्ट्रीय सामने जामठ्याला गेले, तरी संघनिवडीची चर्चा सदरमधून हललेली नाही. त्या काळी विदर्भाचा रसिक दुसऱ्यांचे पराक्रम पाहायला जात असे. आज तो स्वतःच्या संघाचा फलंदाजीचा क्रम तपासतो. संघ मोठा झाल्याचे याहून चांगले लक्षण नाही.

या चर्चेचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे फेब्रुवारी 2025 मध्ये जामठ्याला सुरू झालेला केरळविरुद्धचा अंतिम सामना. विदर्भाने या सामन्यासाठी सलामीवीर अथर्व तायडेला वगळले आणि अष्टपैलू अक्षय कर्णेवारला संघात घेतले. सलामीला ध्रुव शोरेच्या जोडीला फिरकी गोलंदाज पार्थ रेखाडे आला आणि तिसऱ्या क्रमांकावर चक्क वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडे. नाणेफेक जिंकून केरळने क्षेत्ररक्षण स्वीकारले. रेखाडे शून्यावर परतला, नळकांडे आणि शोरेही टिकले नाहीत आणि विदर्भाची अवस्था 3 बाद 24 झाली. दुसऱ्या डावातही सलामीची जोडी 7 धावांतच तंबूत परतली होती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या डावात दानिश मालेवारने 153 आणि करुण नायरने 86 धावा केल्या, दोघांनी 215 धावांची भागीदारी रचली. विदर्भाने 379 धावा उभारून केरळला 342 वर रोखले. दुसऱ्या डावात नायरने 135 धावा केल्या. 2 मार्च रोजी सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला.

करंडक हाती आला, की निर्णयांची चिकित्सा थांबते. ती थांबू नये, असे जाणत्या रसिकांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. तायडेला वगळण्यामागे तर्क नव्हता, असे नाही. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो अपयशी ठरला होता. त्याच सामन्यात रेखाडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद करून सामन्याचे पारडे फिरवले होते. त्यामुळे गोलंदाजी बळकट करण्याचा आणि रेखाडेला संघात राखण्याचा विचार समजण्याजोगा होता. अंतिम सामन्यातही त्याने पहिल्या डावात तीन बळी घेतले. नळकांडेनेही तीन बळी टिपले आणि दुसऱ्या डावात तळाला नाबाद 51 धावा केल्या. म्हणजे माणसे चुकीची नव्हती. त्यांच्या जागा चुकल्या होत्या.

मुद्दा नेमका येथेच आहे. जादा गोलंदाज खेळवणे हा एक निर्णय; नव्या चेंडूसमोर सलामीवीराऐवजी गोलंदाज उभा करणे हा दुसरा. पहिल्या निर्णयाची किंमत दुसऱ्याने वसूल केली. यशस्वी फलंदाजांना नव्या चेंडूपासून वाचवण्याचा हेतू असेल, तर 3 बाद 24 या धावफलकाने तो साधला नाही. मालेवार आणि नायर यांना नव्या चेंडूलाच तोंड द्यावे लागले. ते टिकले नसते, तर आज हाच निर्णय वर्षानुवर्षे उगाळला गेला असता. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात 105 धावांत गडगडण्याची किंमत काय असते, हे विदर्भाने भोगले होते. दुसऱ्या डावात 368 धावा करूनही तो सामना 169 धावांनी गेला.

तायडेने स्वतः उत्तर दिले ते ऑक्टोबर 2025 मध्ये. शेष भारताविरुद्धच्या इराणी करंडकाच्या सामन्यात, त्याच जामठ्यावर, सलामीला येऊन त्याने 143 धावा केल्या. विदर्भाने तो सामना 93 धावांनी जिंकला आणि सामन्याचा मानकरी तायडे ठरला. एका खेळीने जुना निर्णय चूक ठरत नाही. पण भरवशाचा सलामीवीर सहजासहजी मिळत नाही, याची आठवण त्यातून नक्कीच मिळते.

दुसरा वाद पाहुण्या खेळाडूंचा. 2017-18 मध्ये फैज फजलच्या संघाने पहिला करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते आणि फलंदाजीचा आधार वसीम जाफर. पुढच्या मोसमात जाफरने हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. 2024-25 मध्ये ती भूमिका नायरने पार पाडली. त्याच्या 863 धावा होत्या. पण त्याच मोसमात स्पर्धेत सर्वाधिक 960 धावा करणारा यश राठोड विदर्भाच्याच मुशीतला. एका मोसमात विक्रमी 69 बळी घेणारा हर्ष दुबे इथलाच आणि प्रशिक्षक उस्मान घनीही इथलेच. पाहुण्यांमुळे स्थानिकांची वाट अडते, हा आक्षेप या आकड्यांसमोर टिकत नाही. चांगला पाहुणा एक जागा घेतो खरी, पण तो दुसऱ्या टोकाला उभा असताना मालेवारसारखा पहिल्याच मोसमातला तरुण मोठी खेळी शिकतो.

मात्र पाहुणा जातो, हेही तितकेच खरे. नायर 2025-26 साठी कर्नाटकात परतला. आपली माणसेही जातात. 2018-19च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे 11 बळी घेणारा आदित्य सरवटे 2025च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळला आणि विदर्भाविरुद्धच 79 धावा करून गेला. यष्टिरक्षणाची जागा कर्णधार अक्षय वाडकरकडे असल्याने रणजी संघाबाहेर राहिलेल्या जितेश शर्माने 2025 मध्ये बडोद्याची वाट धरली. एका जागेसाठी दोन लायक माणसे असणे हे वैभव आहे. पण दुसऱ्याला त्याचे स्थान वेळीच सांगितले नाही, तर ते वैभव शेजारच्या घरी जाते.

म्हणूनच निवडीतील स्पष्टता ही चैनीची बाब राहिलेली नाही. गुझदर लीगमध्ये धावा काढणाऱ्या मुलाला आपल्यासमोर कोण आहे आणि आपल्याकडून काय हवे आहे, हे कळले पाहिजे. वगळलेल्या खेळाडूला कारण आणि परतीची वाट दोन्ही सांगितली पाहिजे. साठ वर्षे करंडकाची वाट पाहणाऱ्या विदर्भाला पूर्वी अकरा चांगले खेळाडू जमवण्याची चिंता होती. आता चिंता आहे ती बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या खेळाडूला टिकवून धरण्याची. तीन करंडकांनंतर संघाची खरी कसोटी त्याच यादीत आहे.