संसाराचा ताळेबंद : थाटाची जुनी मोटार

चौल येथील एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे दीर मुंबईस नोकरीला असतात. त्यांनीं मर्सिडीज कंपनीची ‘ई-क्लास ऑल-टेरेन’ ही २०१८ सालची स्टेशन वॅगन हेरून ठेविली असून विकणारा ३६ लाख रुपये मागतो. सासूबाईंच्या गुडघ्यांस उंच गाडींत चढणें सोसवत नाहीं. ही गाडी बुटकी, शिवाय मागें सामानास जागा मुबलक, असें भावोजींचें म्हणणें. पैसा मात्र वाडीचा. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें पोफळी आडव्या केल्या. त्यानंतर जमिनीचा एक तुकडा विकून नवी लागवड व विहीर यांकरितां जी रक्कम राखून ठेविली, तिलाच हात घालावयाचा बेत आहे. “मला मोटारींतलें कळत नाहीं, पण खर्चांतलें कळतें, तेव्हां घेतल्यानंतर काय काय खर्च येईल तें सांगावें,” असें त्या लिहितात. प्रश्न नेमका विचारला आहे, आणि घरांत पुरुष मंडळींनीं तो अगोदर विचारला असता तर अधिक बरें झालें असतें.

स्टेशन वॅगन हें नांव अमेरिकेंतलें. आगगाडीच्या स्टेशनावरून उतारू व त्यांच्या ट्रंका घरीं पोंचविणारी ती गाडी. अलिबाग तालुक्यांत उतारूंचें स्टेशन अद्याप नाहीं, ही मौज वेगळीच! आपल्याकडे ही जात कधींच फारशी रुजली नाहीं. टाटांची एस्टेट १९९२ सालीं आली, मागाहून स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी आली. थाटाच्या गाड्यांपैकीं व्हॉल्व्होची व्ही-९० क्रॉस कंट्री २०१७ सालीं आणि मर्सिडीजची ही २०१८ सालीं. खप सर्वांचाच बेताचा.

नवी असतां हिची किंमत सुमारें ७५ लाख होती. आतां ती निम्म्याखालीं आली, म्हणून गाडी स्वस्त वाटते. परंतु उतरली ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची नव्हे. ते भाग आजही ७५ लाखांच्या गाडीचेच आहेत आणि त्याच मानानें पैसे मागतात. त्यांतही एक भेद ध्यानांत ठेवावा. ई-क्लासची नेहमींची चार दारांची गाडी चाकण येथील कारखान्यांत जुळविली जाते. तिच्या डिझेल नमुन्याचें इंजिन व हिचें इंजिन एकाच घराण्याचें असल्यानें गाळण्या, पट्टे, ब्रेकचे पॅड मिळण्यास अडचण पडत नाहीं. पण ऑल-टेरेन तयार होऊनच परदेशांतून आली. मागचें उभें दार, त्याची कांच, छतावरील दांडे, चाकांभोंवतालच्या काळ्या पट्ट्या हें सारें तिचें एकटीचें. रेवदंड्याच्या बाजारांत टेंपोनें मागून हलकासा धक्का दिला तरी दार परदेशांतून येईपर्यंत गाडी कारखान्यांत पडून राहण्याची तयारी ठेवावी.

सर्वांत मोठा खर्च चाकांवरील हवेच्या पिशव्यांचा. या गाडीस पोलादी स्प्रिंगांऐवजीं रबरी पिशव्या आहेत व त्यांत पंप हवा भरतो. रबर सात-आठ वर्षांत जुनें होतें, त्यास बारीक चिरा पडतात, हवा झिरपते. झिरपलेली हवा भरून काढण्याकरितां पंप सारखा राबतो आणि शेवटीं जळतो. म्हणजे एका दुखण्याचीं दोन होतात. वडखळ ते अलिबाग हा रस्ता पावसाळ्यांत कसा असतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एका चाकाचा नवा अस्सल भाग लाखाच्या घरांत जातो आणि तो जोडीनें बदलणें शहाणपणाचें. पंपाचे पाऊण लाखाच्या आसपास निराळे.

दुसरें दुखणें डिझेलचें. धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती आपोआप जळून साफ व्हावयाची तर सुमारें ६०० अंश उष्णता लागते, आणि ती लांबच्या, सलग दौडीनेंच मिळते. चौलहून अलिबागेस बँकेंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला ती मिळणार कोठून? याखेरीज ॲडब्लू नांवाचें ३२.५ टक्के युरियाचें पाणी भरावें लागतें. गाडी उभीच राहिली तर तें सुकून पांढरे खडे धरतें व नळी तुंबते. त्या यंत्रणेंतील एखादा सेन्सर गेला तरी अर्ध्या लाखाची गोष्ट होते.

आणि मग आपला खारा वारा. विजेच्या जोडांवर हिरवट बुरशी चढते, ब्रेकच्या तबकड्या दोन दिवसांत तांबूस होतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह येणारी बोट सुरू झाली, सोय मोठीच झाली. पण घरीं येतांच गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा. कांचेच्या छताच्या कडेनें पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. आंब्याचा पाला व मोहोर त्यांत बसला कीं पाणी आंत झिरपतें. उंदरांविषयीं काय सांगावें! सोडण आणि जर्मन तार यांत त्यांस भेदच वाटत नाहीं.

आतां पहिल्या वर्षाचा अंदाज. विमा लाखाच्या आसपास, तेल-गाळण्यांसह देखभाल ६० ते ७० हजार, टायर झिजलेले असल्यास चारांचा आणखी एक लाख, आणि हवेच्या पिशव्यांचें काम निघाल्यास त्यावर दीड-दोन लाख. म्हणजे ४ लाख वेगळे बांधून ठेविल्यावांचून गाडी दारांत आणूं नये. अधिकृत कारखाना गाठावयाचा तर मुंबई, नवी मुंबई वा पुणें. बंद पडलेली गाडी तेथवर नेण्याचें भाडें याहून निराळें.

भावोजींची हौस खोटी नव्हे. गाडी खरोखरीच उत्तम, आणि स्वतःच्या पगारांतून, मुंबईस ठेवून ती कोणी बाळगीत असेल तर आम्ही आड येणार नाहीं. पण पत्रांत दुसरीकडे लिहिलें आहे कीं घरांत माणसें नऊ. या गाडींत बसतात पांच. पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास सहा-सात वर्षें लागतात, आणि त्याच सहा-सात वर्षांत ही मोटार आणखी निम्म्यानें उतरेल. वाडीच्या पैशांतून ती घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांकरितां मारुतीची सात आसनांची अर्टिगा बसून पाहावी. तिची पायरी बेताची आहे आणि तिचा फिटर अलिबागेस मिळतो.

इतक्यावरही घरांत ऑल-टेरेनच ठरली, तर बयाणा देण्यापूर्वीं विकणाराच्या दारांत ती रात्रभर सपाट जागीं उभी करवावी आणि सकाळीं इंजिन चालू करण्याच्या आंत चारी चाकांवरील कमानींची उंची शिंप्याच्या फितीनें मोजावी. एखादा कोंपरा बोटभर बसलेला आढळला तर किंमतींतून दोन लाख कमी करून बोलावें. आसनपट्टे पूर्ण ओढून पाहावे. शेवटच्या हातभर भागांत वाळलेला गाळ दिसल्यास गाडी पुरांत बुडालेली आहे असें समजून बोलणेंच थांबवावें.