तरुण उंदीर आणि वृद्धांचे रसायन

अलीकडे एका रसायनकल्पाचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. वार्धक्यातील दौर्बल्यावर तो शास्त्रसिद्ध असल्याचा त्यात दावा होता. आधार काय, तर दोन-तीन महिन्यांचे उंदीर पाण्यात सोडले असता औषध दिलेले अधिक वेळ पोहले! यास बल्य कर्माचे प्रमाण म्हणता येईल. परंतु दोन-अडीच वर्षे जगणाऱ्या प्राण्याचे हे ऐन तारुण्य होय. जरेचा येथे संबंध कोठे आला?

आधुनिक वैद्यक ज्यास 'फ्रेल्टी' म्हणते, ते नुसते अशक्तपण नव्हे. २००१ साली लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी त्याची पाच लक्षणे मांडली : नकळत वजन घटणे, थकवा, हाताची पकड क्षीण होणे, चाल मंदावणे व हालचाल कमी होणे. पैकी तीन आढळल्यास ती अवस्था समजावी. उंदरांसाठी कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ३१ लक्षणांचा निर्देशांक प्रसिद्ध केला. पाठीचा बाक, कंप, गळालेल्या मिशा, मोतीबिंदू, पुढच्या पायांची पकड अशा प्रत्येक लक्षणास शून्य, अर्धा वा एक गुण द्यावयाचा. प्राण्यास इजा नाही, महागडी यंत्रे नाहीत. आपलेच दर्शन आणि स्पर्शन! प्रश्नपरीक्षा मात्र येथे खुंटते. थकवा वाटतो काय, हे उंदरास विचारता येत नाही, ही या पद्धतीची खरी मर्यादा.

अमेरिकेत तीन केंद्रांवर झालेल्या सरकारी चाचण्यांत कर्क्युमिनने उंदरांचे आयुर्मान वाढले नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. 'कर्क्युमिन म्हणजे हरिद्रा नव्हे', असे उत्तर आपल्याकडे दिले जाते. ते आम्हांसही मान्य आहे. शिवाय आयुर्मान आणि दौर्बल्य या गोष्टी भिन्न आहेत. परंतु त्याच कर्क्युमिनचा अनुकूल निष्कर्ष हळदीच्या गोळ्यांच्या वेष्टनावर छापताना हा विवेक कोठे जातो?

सुश्रुताचार्यांनी रसायनसेवन पूर्व वा मध्य वयात सांगितले आहे. तेव्हा एका गटास बाराव्या महिन्यापासून व दुसऱ्यास विसाव्या महिन्यापासून कल्प देऊन दोहोंचा निर्देशांक मोजणे हाच आपल्या शास्त्रास साजेसा प्रयोग ठरेल. उंदीर म्हातारे होईतो पोसणे खर्चाचे आहे, हे आम्ही जाणतो. चार-पाच औषधनिर्मात्यांनी मिळून एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिगृहात ती व्यवस्था करावी. तोपर्यंत निदान माहितीपत्रकात प्रयोगातील उंदरांचे वय तरी छापावे.